अनेक शाखा, अनेक मॉडेल्स, एक इमारत: डिझाइनमधील विसंगती कशा हाताळाव्यात

मोठ्या इमारतीचे डिझाइन एका मॉडेलमध्ये होत नाही. आर्किटेक्टचे मॉडेल वेगळे असते, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे वेगळे, आणि वातानुकूलन, विद्युत, प्लंबिंग व अग्निशमन यांची आणखी वेगळी. शिवाय उष्णताभाराची गणना, विद्युतभाराची एक्सेल शीट, संरचनेचे विश्लेषण यांना आपण सहसा मॉडेल म्हणत नसलो, तरी त्याही त्याच इमारतीबद्दल काही ना काही ठामपणे सांगत असतात. यांपैकी दोन ठिकाणी एकाच गोष्टीबद्दल न जुळणारी माहिती असली की विसंगती निर्माण होते. समन्वयाचे काम नव्याने हाती घेणाऱ्या इंजिनिअरने या विसंगती कशा शोधाव्यात, कशा नोंदवाव्यात आणि कशा सोडवून घ्याव्यात, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी मध्यम आकाराचे एक रुग्णालय घेतले आहे, कारण रुग्णालयाच्या एका कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगवर डक्ट (हवा नेणारे पत्र्याचे मार्ग), मेडिकल गॅसच्या लाइन, स्प्रिंक्लर, केबल ट्रे आणि ड्रेनेज हे सगळे एकाच वेळी जागा मागत असतात.

सॉफ्टवेअर जे क्लॅश, म्हणजे दोन वस्तूंची एकाच जागेत होणारी धडक, दाखवते, तो विसंगतींचा केवळ एक भाग आहे आणि माझ्या मते तो सर्वांत सोपा भाग आहे. डक्ट बीममधून आरपार गेला तर ते पडद्यावर लाल रंगात दिसते. मात्र वातानुकूलनाची गणना एका प्रकारच्या काचेवर आणि आर्किटेक्टचे मॉडेल दुसऱ्या काचेवर चालले असेल, तर कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना स्पर्श करत नाहीत आणि पडदा स्वच्छच राहतो. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये भूमितीपेक्षा आकडे आणि गृहीतके यांना अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: कोणती मॉडेल्स आहेत, याची यादी करावी

काम हाती येताच प्रत्येक मॉडेलचे आणि प्रत्येक गणनेचे नाव, त्याची जबाबदारी असलेली व्यक्ती, सॉफ्टवेअर व त्याची आवृत्ती, सध्याचे रिव्हिजन आणि ते कशासाठी वापरता येईल, असा तक्ता तयार करावा. शेवटचा रकाना अनेक कार्यालयांत नसतो, आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. संकल्पनेच्या टप्प्यावरील स्ट्रक्चरल मॉडेलमध्ये बीमची खोली अंदाजाने धरलेली असते. मजल्याची उंची ठरवायला तेवढा अंदाज पुरतो, पण डक्टचे माप पक्के करायला पुरत नाही. हे लिहिलेले नसले की पुढच्या शाखेचा इंजिनिअर त्या अंदाजालाच अंतिम आकडा समजून काम पुढे नेतो. आयएसओ १९६५० या मानकात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: काम चालू असलेली, सामायिक केलेली, प्रकाशित आणि संग्रहित. किमान एवढी शिस्त तरी पहिल्या दिवसापासून पाळावी, म्हणजे कोणाच्या संगणकावरची अर्धवट फाइल तपासणीत येणार नाही.

सॉफ्टवेअरची आवृत्ती हा रकाना औपचारिक वाटेल, पण तो गाळू नये. एअरबसच्या ए-३८० विमानाच्या बाबतीत हॅम्बुर्गमधील चमू कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होता, तर तुलूझमध्ये पाचवी वापरात होती. दोहोंमध्ये वायरिंगची माहिती नीट जात-येत नव्हती, आणि प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी वायरिंगची जुडगी विमानात नीट बसेनात. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीची वायर असल्यामुळे दुरुस्ती सोपी नव्हती. २००६ साली कंपनीला विमाने देण्यास मोठा विलंब होणार असल्याचे जाहीर करावे लागले आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले.

दुसरी पायरी: शून्य बिंदू, लेव्हल आणि एकके पक्की करावीत

सर्व मॉडेल्सचा मूळ बिंदू, उत्तर दिशा, उंचीचा संदर्भ आणि एकके एकच आहेत, याची खात्री पहिली तपासणी करण्यापूर्वीच करून घ्यावी. यासाठी सोपी रीत अशी की, ठरवलेल्या ग्रिडच्या (कॉलमच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या-उभ्या रेषांच्या) छेदबिंदूवर, तळमजल्याच्या लेव्हलवर, प्रत्येक शाखेने आपल्या मॉडेलमध्ये एक मीटर बाजूचा घन ठेवावा, ते मॉडेल आयएफसी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या सामायिक स्वरूपात द्यावे, आणि समन्वयकाने सर्व फाइली एकत्र उघडून घन एकमेकांवर तंतोतंत बसतात का, ते पाहावे. घन सरकलेला, फिरलेला किंवा हजारपट मोठा दिसला, तर चूक कुठे आहे ते लगेच कळते.

उंचीच्या बाबतीत दोन लेव्हल्सचा गोंधळ नेहमी होतो. आर्किटेक्ट फरशी बसल्यानंतरची, म्हणजे फिनिश्ड फ्लोअर लेव्हल देतो, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर काँक्रीट स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागाची लेव्हल देतो. दोहोंत साधारण ७५ मिलिमीटरचा फरक असतो, आणि दोन्ही मॉडेल्समध्ये त्या लेव्हलला "पहिला मजला" असे एकच नाव असते. नावातच फरक दिसेल, अशी पद्धत सर्वांनी मिळून ठरवावी.

फरक माहीत असणे मात्र पुरेसे नाही, हे ऱ्हाइन नदीवरील लाउफेनबुर्गच्या पुलाने दाखवून दिले. जर्मनी समुद्रसपाटीची उंची उत्तर समुद्राच्या संदर्भाने मोजते, तर स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राच्या. दोहोंतील २७ सेंटिमीटरचा फरक दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो हिशेबात धरलाही होता. पण तो उलट चिन्हाने धरला गेला, आणि पुलाच्या दोन टोकांमध्ये ५४ सेंटिमीटरचा फरक पडल्याचे २००३ साली बांधकामादरम्यान लक्षात आले. म्हणून दुरुस्तीचा आकडा नुसता कागदावर लिहून थांबू नये. एक ओळखीचा बिंदू घेऊन त्याची उंची दोन्ही मॉडेल्समध्ये वाचावी आणि फरक अपेक्षित दिशेनेच आहे ना, ते पाहावे.

तिसरी पायरी: सामायिक आकड्यांची नोंदवही तयार करावी

समन्वयकाच्या हाती असलेले हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे. जे आकडे एक शाखा ठरवते आणि दुसरी शाखा वापरते, असे सर्व आकडे या नोंदवहीत यावेत: यंत्रांची वजने, विद्युतभार, पाण्याची मागणी, बीम आणि भिंतींतील छिद्रांची जागा व माप, काचेचे गुणधर्म, प्रत्येक खोलीतील माणसांची संख्या, फॉल्स सीलिंगची उंची. प्रत्येक आकड्याला एकच मालक असावा. बाकीच्यांनी तो आकडा नोंदवहीतून घ्यावा, स्वतःच्या शीटमध्ये हाताने पुन्हा लिहू नये.

एक नोंद जवळून पाहू. गच्चीवर २०० टनांचा एअर-कूल्ड चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) बसणार आहे. वातानुकूलन इंजिनिअरच्या दृष्टीने ही शीतकरणाची क्षमता आहे, आणि एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, या हिशेबाने ती सुमारे ७०३ किलोवॅट होते. पण चिलर विजेचा जो भार खेचतो, तो याच्या साधारण एक-तृतीयांश असतो. नोंदवहीत नुसते "चिलर, ७०३ किलोवॅट" असे लिहिले, तर विद्युत इंजिनिअर त्यालाच विजेचा भार समजण्याची शक्यता आहे आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण मोठा होईल. एकक बरोबर, आकडा बरोबर, आणि तरीही अर्थ वेगळा, असा हा प्रकार आहे. वजनाचेही तसेच आहे. उत्पादकाच्या पत्रकात वाहतुकीचे वजन आणि चालू स्थितीतील वजन असे दोन आकडे असतात. स्लॅबच्या गणनेसाठी पाणी भरलेल्या, चालू स्थितीतील वजन लागते, आणि ते चार कोपऱ्यांवर समान वाटलेले नसल्यामुळे प्रत्येक आधारावर किती भार येतो, हेही लागते. म्हणून नोंदीत आकडा, एकक, तो नेमका कशाचा आहे, कोणत्या रिव्हिजनमधून घेतला, अंदाज आहे की उत्पादकाने दिलेला, आणि तो कोण कोण वापरते, एवढे सगळे असावे.

"कोण वापरते" या रकान्यावर मी विशेष भर देईन. बदल झाला की कोणाला कळवायचे, हे ठरवण्याचा दुसरा कोणताही खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. सर्वांना सगळे ईमेल पाठवले, की कोणीच ते वाचत नाही.

चौथी पायरी: तपासणी करावी, आणि शून्य क्लॅशवर लगेच विश्वास ठेवू नये

क्लॅश तपासणीत कोणाची तपासणी कोणाशी करायची, हे आधी ठरवावे. डक्ट विरुद्ध बीम, ड्रेनेज विरुद्ध केबल ट्रे, स्प्रिंक्लर विरुद्ध दिवे अशा जोड्यांचा तक्ता करावा आणि प्रत्येक जोडीला वेगळी सहनमर्यादा, म्हणजे किती मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल ते, द्यावी. सगळ्यांची सगळ्यांशी तपासणी लावली, तर हजारो क्लॅश येतात आणि त्यांतील बरेचसे एकाच कारणाचे असतात: एकच डक्ट १०० मिलिमीटर खाली गेलेला असतो आणि तो वाटेतील प्रत्येक पाइपला लागतो. असे क्लॅश एका गटात घेऊन त्यांची एकच नोंद करावी. केवळ प्रत्यक्ष धडक नव्हे, तर देखभालीची जागाही तपासावी. व्हॉल्व्हचे हँडल फिरवायला, फिल्टर बाहेर काढायला आणि विद्युत पॅनेलचे दार पूर्ण उघडायला लागणारी जागा मॉडेलमध्ये पारदर्शक ठोकळा म्हणून दाखवायला संबंधित शाखेला सांगावे.

आता रुग्णालयाच्या कॉरिडॉरकडे येऊ. एका फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची ३,९०० मिलिमीटर आहे. वरच्या मजल्याचे फ्लोअरिंग ७५ आणि स्लॅबसह बीमची खोली ७५०. म्हणजे बीमचा तळ खालच्या फरशीपासून ३,०७५ वर येतो. फॉल्स सीलिंग २,६०० वर आहे, तेव्हा मधली जागा ४७५ मिलिमीटर. डक्टची उंची ४०० असल्याने सॉफ्टवेअर म्हणते की डक्ट बसतो. पण डक्टला वर आणि खाली २५-२५ मिलिमीटरचे इन्सुलेशन आहे, जे मॉडेलमध्ये काढलेले नाही. ते धरले की ४५० झाले. जोडाच्या फ्लँज (कडेच्या पट्ट्या) बाहेर येतात त्या वेगळ्याच. उरलेल्या २५ मिलिमीटरमध्ये सीलिंगची फ्रेम आणि दिव्यांचे फिक्स्चर बसणे शक्य नाही. क्लॅश अहवाल शून्य, आणि साईटवर काम अशक्य.

याच कॉरिडॉरमध्ये आणखी एक गोष्ट घडू शकते. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये बीम अजून जुन्या, ६०० मिलिमीटर खोलीचा असेल, तर त्याच्या सेक्शनमध्ये ६२५ मिलिमीटर जागा दिसते. वातानुकूलन इंजिनिअरने स्लॅबच्या लेव्हलला फरशीची लेव्हल समजून ७५ मिलिमीटर वजा केलेच नसतील, तर योग्य बीम घेऊनही त्याला ५५० दिसते. तिघांकडे एकाच जागेचे तीन आकडे असतात, आणि प्रत्येकाचे मॉडेल स्वतःपुरते बिनचूक असते. म्हणून सॉफ्टवेअरच्या तपासणीसोबत प्रत्येक मजल्यावरील सर्वांत अडचणीच्या तीन-चार जागा निवडून, तिथला सेक्शन हाताने, आकडे लिहून, सर्व शाखांसमोर मांडावा. ही सवय नव्या इंजिनिअरने सुरुवातीपासूनच लावून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पाचवी पायरी: प्रत्येक विसंगती नोंदवावी, पण प्रत्येक लगेच सोडवू नये

विसंगतीची नोंद करताना "डक्टचा प्रॉब्लेम" असे लिहू नये. कोणत्या मॉडेलच्या कोणत्या रिव्हिजनमध्ये काय आहे आणि दुसऱ्यात काय आहे, ही दोन्ही विधाने शेजारी-शेजारी लिहावीत. त्यानंतर परिणाम कोणावर, निर्णय कोणी घ्यायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. बीसीएफ या मॉडेलवरील शेरे देवाणघेवाणीच्या स्वरूपात नोंद केली, तर त्यासोबत कॅमेऱ्याची जागाही जाते आणि समोरच्याला तोच कोपरा थेट उघडता येतो.

तोंडी सांगितलेली शंका हरवते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झाले, तेव्हा चौकशीत आढळले की जमिनीवरील एका सॉफ्टवेअरमधून थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत येत होते, तर मार्ग ठरवणारा चमू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता, दोहोंत ४.४५ पटींचा फरक होता. न्यूटन-सेकंदच वापरायचे, असे ठरवणारा दस्तऐवज अस्तित्वात होता. यानाच्या मार्गात काहीतरी जुळत नसल्याची शंकाही काहींना आधी आली होती, पण ती ठरलेल्या पद्धतीने नोंदवली जाऊन शेवटापर्यंत तपासली गेली नाही.

तरीही नोंदलेली प्रत्येक विसंगती त्याच आठवड्यात मिटवण्याचा आग्रह धरू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअर चार पर्याय तपासत असताना त्याचे मॉडेल आर्किटेक्टच्या मॉडेलशी जुळणारच नाही, आणि जबरदस्तीने जुळवले, तर चांगला पर्याय शोधण्याआधीच बंद होईल. अशी विसंगती "मान्य, अमुक तारखेपर्यंत" असा शेरा लिहून उघडी ठेवावी. मात्र ती उघडी असेपर्यंत त्या भागावर अवलंबून असलेले काम कोणी पक्के करणार नाही, हे समन्वयकाने पाहावे. तारीख न घालता उघडी ठेवलेली नोंद चालणार नाही.

सहावी पायरी: कोणी जागा बदलायची, ते कारणाने ठरवावे

बैठकीत मोठ्याने बोलणाऱ्याच्या बाजूने निर्णय होऊ नये, म्हणून प्राधान्यक्रम आधीच लिहून ठेवावा. उताराने वाहणारे ड्रेनेज सर्वांत आधी, कारण १ः६० उताराच्या १२ मीटर पाइपला २०० मिलिमीटर उतरावेच लागते आणि त्याला मध्येच वर उचलता येत नाही. त्यानंतर मोठे डक्ट, मग स्प्रिंक्लरच्या मुख्य लाइन, केबल ट्रे, आणि शेवटी वळवायला सोप्या अशा, दाबाने वाहणाऱ्या लहान व्यासाच्या लाइन. बीममधून स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवलेली नळी) नेण्याचा पर्याय प्लंबिंग किंवा वातानुकूलन इंजिनिअरने सुचवावा, पण जागा, माप आणि मान्यता फक्त स्ट्रक्चरल इंजिनिअरने द्यावी.

कॉरिडॉरच्या उदाहरणात ६०० बाय ४०० चा डक्ट १,००० बाय २५० केला, तर क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते, इन्सुलेशनसह उंची ३०० होते आणि खाली १७५ मिलिमीटर मिळतात. मात्र चपट्या डक्टमध्ये घर्षण वाढते, म्हणून पंख्याचा दाब पुन्हा तपासावा लागतो. शिवाय २,४०० मिलिमीटर रुंद कॉरिडॉरमधील १,०५० आता डक्टनेच व्यापले. उरलेल्या १,३५० मध्ये केबल ट्रे, स्प्रिंक्लर आणि मेडिकल गॅस शेजारी-शेजारी बसतात का, हे पाहिल्याशिवाय नोंद बंद करू नये. एक विसंगती सोडवताना दुसरी निर्माण होणे नेहमीचेच असते, म्हणून ज्याने बदल केला त्याने नव्हे, तर बदलाचा परिणाम सोसणाऱ्याने नोंद बंद करावी, असा नियम ठेवावा.

सातवी पायरी: बदलाचा माग शेवटपर्यंत घ्यावा

खर्च कमी करण्यासाठी दर्शनी भागाची काच बदलली, असे समजा. आधीच्या काचेचा एसएचजीसी, म्हणजे तिच्यातून आत येणाऱ्या सौर उष्णतेचे प्रमाण, ०.२५ होते आणि नव्या काचेचे ०.४० आहे. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये खिडकीचे माप तेच, जागा तीच. फक्त एका गुणधर्माचा आकडा बदलला. पण खिडक्यांतून येणारी सौर उष्णता दीडपटीहून अधिक झाली. चिलर मोठा लागेल, त्याचे वजन वाढेल, गच्चीचा स्लॅब आणि त्याखालचे कॉलम पुन्हा तपासावे लागतील. विजेचा भार वाढून ट्रान्सफॉर्मर, डीजी सेट (डिझेल जनरेटर), केबल आणि केबल ट्रेची रुंदी बदलेल, आणि ती रुंद ट्रे पुन्हा त्याच कॉरिडॉरमध्ये येईल. काचेवर वाचलेला पैसा या साखळीत कुठे खर्च होतो, हे मालकाला निर्णयाआधी दिसले पाहिजे. नोंदवहीतील "कोण वापरते" हा रकाना एकापुढे एक वाचत गेले की ही साखळी कागदावर उतरते. साखळीतील प्रत्येकाने "तपासले, बदल नाही" किंवा "तपासले, नवा आकडा अमुक" असे लेखी उत्तर द्यावे. उत्तर न येणे म्हणजे मान्यता, असे समजू नये.

आठवी पायरी: काँक्रीट भरण्यापूर्वीची तपासणी

मॉडेल्स जुळली तरी ड्रॉइंग वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडतात, त्यामुळे साईटवर पोहोचणाऱ्या संचात जुने आणि नवे रिव्हिजन मिसळू शकते. प्रत्येक स्लॅबसाठी लागणाऱ्या सर्व शाखांच्या ड्रॉइंगचे रिव्हिजन क्रमांक एका पानावर लिहून ते साईट इंजिनिअरकडे द्यावे. ज्या विसंगती अजून उघड्या आहेत, त्यांची जागा ड्रॉइंगवर ढगासारख्या खुणेने वेढून "थांबा" असे स्पष्ट लिहावे. सळ्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट भरण्याच्या आदल्या दिवशी, स्लीव्हच्या यादीतील प्रत्येक स्लीव्ह ग्रिडपासून टेपने मोजून, जागा, व्यास आणि लेव्हल नोंदवून, प्लंबिंग, विद्युत आणि स्ट्रक्चरल अशा तिन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या सह्या घ्याव्यात. राहून गेलेली स्लीव्ह नंतर कोअर कटिंगने, म्हणजे तयार काँक्रीटला गोल भोक पाडून, काढायची झाली, तर आधी स्कॅनिंग करून सळ्यांची जागा शोधावी लागते आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घ्यावी लागते. पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये, म्हणजे आतल्या केबल ताणून मजबूत केलेल्या स्लॅबमध्ये, तर ताणलेली केबल कापली जाण्याचा धोका असल्याने अशी परवानगी कित्येकदा मिळतच नाही, आणि मग पाइपचा संपूर्ण मार्गच बदलावा लागतो.